दप्तराची किल्ली कोणाच्या कमरेला?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या देवस्थानाच्या अग्रशाळेत शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळाची बैठक भरली होती. विषय एकच होता: शाळेच्या संकेतस्थळासाठी आणि कागदपत्रांच्या देवाणघेवाणीसाठी एखादी संगणकीय व्यवस्था निवडावयाची. एका कंपनीचे प्रतिनिधी आले होते. पडद्यावर रंगीत पाने सरकत होती. हजेरी, गृहपाठ, गुणपत्रिका, फीच्या पावत्या, सारे बोटाच्या स्पर्शासरशी उमटत होते आणि सभासद प्रसन्न होते. पहिली दोन वर्षे विनामूल्य, हे ऐकताच एका वयोवृद्ध सभासदांनी माझ्याकडे वळून म्हटले, "वकीलबाब, फुकट मेळटा तें कित्याक सोडप?" दोन तास चर्चा झाली. पानाचा रंग भगवा असावा की निळा, येथपर्यंत ती पोचली. परंतु ही सारी कागदपत्रे राहणार कोठे, ती कोणाच्या ताब्यात असणार, आणि उद्या ही कंपनी आम्हांस नकोशी झाली किंवा आम्हीच तिला नकोसे झालो तर ती परत कशी मिळणार, हे कोणी विचारले नाही. मी विचारले तेव्हा प्रतिनिधी हसून म्हणाले, "त्याची चिंता नको. सगळे क्लाउडवर सुरक्षित असते." वकिलीत वीस वर्षे काढलेल्या माणसास ‘चिंता नको’ या शब्दांइतकी चिंता दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

निर्णय पुढील बैठकीवर गेला आहे. मधल्या अवधीत हा लेख लिहीत आहे, कारण जो प्रसंग आमच्या मंडळावर आला तो आज प्रत्येक लहानमोठ्या शिक्षणसंस्थेवर येत आहे. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच: जिची किल्ली संस्थेच्या हाती नाही अशा पेटीत संस्थेचे दप्तर ठेवणे हा विश्वस्ताच्या कर्तव्याचा भंग आहे, मग ती पेटी कितीही देखणी असो आणि फुकट असो.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. इंग्रजीत जिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात ती म्हणजे संकेतस्थळावर मजकूर चढविण्याची, तपासण्याची व प्रसिद्ध करण्याची व्यवस्था. शिक्षकाने सूचना लिहावी, मुख्याध्यापकांनी ती पाहावी आणि मगच ती लोकांपुढे यावी, अशी पायरी तीत बांधता येते. तिला जोडून येते ते सामायिक दप्तर. तेथे प्रश्नपत्रिका, ठराव, निकालपत्रे, दाखल्यांच्या प्रती ठेवावयाच्या आणि कोणता कागद कोणी पाहावा, कोणी बदलावा याची मर्यादा घालावयाची. या दोन गोष्टींची गल्लत हा पहिला दोष. देवळाच्या सभामंडपात कोणीही यावे, पण भांडाराच्या खोलीत येऊ नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. शाळेचे संकेतस्थळ हा सभामंडप आहे. मुलांची जन्मतारीख, जात, आजार, गुण व पालकांचे दूरध्वनी ही भांडारातली वस्तू आहे. दोन्हींना एकच दार ठेवणारी व्यवस्था कितीही स्वस्त असली तरी घेण्याजोगी नाही.

किल्ली दुसऱ्याकडे असली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण माझ्या कचेरीत येऊन गेले आहे. शेजारच्या तालुक्यातील एका जुन्या शाळेने एका होतकरू तरुणाकडून संकेतस्थळ करून घेतले. शाळेच्या नावाचा पत्ता त्याने स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर नोंदविला. त्यात कपट नव्हते. सोयीचे होते म्हणून त्याने तसे केले. शाळेने आपल्या वार्षिक अंकांची छायाचित्रे काढून त्यावर चढविली आणि वाळवी लागलेले मूळ अंक टाकून दिले. पुढे तो तरुण परदेशी गेला, वार्षिक वर्गणी भरावयाची राहिली, आणि एके दिवशी शाळेच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकू लागली. मंडळी माझ्याकडे आली. मी करार मागितला, तर त्यांनी एक पावती पुढे केली. तीवर ‘वेबसाइटचे काम’ एवढेच शब्द होते. पाऊण आयुष्य त्या शाळेत घालविलेले गुरुजी माझ्यापुढे बसले होते. ते पैशांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. "ते अंक परत येतील का हो?" एवढेच त्यांनी विचारले. ते परत आले नाहीत.

कोणी म्हणेल, वार्षिक अंक गेले तर काय बिघडले? मग शाळेच्या दप्तराचे कायद्यातील मोल पाहा. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे एखाद्याच्या वयाविषयी संशय आला तर प्रथम पाहावयाचा पुरावा म्हणजे शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र. नगरपालिकेचा दाखला त्यानंतर येतो आणि वैद्यकीय तपासणी सर्वांत शेवटी. म्हणजे एखादे पोर बालन्याय मंडळापुढे जाईल की प्रौढांच्या न्यायालयात, हे शाळेच्या एका नोंदीवर ठरू शकते. आता ती नोंद संगणकात गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये संगणकीय नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करावयाची तर सोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब खाली हेच बंधन सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली खोतकर विरुद्ध गोरंट्याल या, जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने हे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. तुमचे यंत्र कोठे आहे, ते कोण चालवितो, हेच तुम्हांस ठाऊक नसेल तर प्रमाणपत्रावर सही करावयाची कोणी? परमुलखातल्या कंपनीच्या कोणत्या अधिकाऱ्यास तुम्ही साक्षीस बोलावणार आहात?

दुसरा कायदा २०२३ चा, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक गणला आहे. त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी; त्याच्या वागणुकीवर पाळत ठेवणे व त्याला हेरून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे. शिक्षणासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या देखरेखीपुरती सवलत शाळांना नियमांत आहे, पण तेवढीच. बालकांविषयीच्या कर्तव्यांत कसूर झाल्यास दंडाची मर्यादा २०० कोटी रुपयांपर्यंत जाते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. या कायद्यात माहिती गोळा करणाऱ्यास जो शब्द योजला आहे तो ‘फिड्युशिअरी’. त्याच्या मुळाशी विश्वासाचीच कल्पना आहे. आणि कलम ८ म्हणते की काम दुसऱ्याकडून करवून घेतले, करारात काहीही लिहिले, तरी जबाबदारी या विश्वस्ताचीच राहते. देवाचे दागिने सोनाराकडे उजळायला दिले म्हणून खजिनदाराची जबाबदारी सोनाराकडे जात नाही. महाजनांच्या सभेत हे सांगावे लागत नाही. शाळेच्या सभेत मात्र सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप त्या वयोवृद्ध सभासदांचाच: फुकट मिळते ते का सोडावे? उत्तर असे की जे फुकट दिले जाते त्याच्या अटी देणारा ठरवितो आणि बदलतोही तोच. गूगलने शिक्षणसंस्थांना वर्षानुवर्षे अमर्याद साठवण विनामूल्य दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या कंपनीने जाहीर केले की यापुढे संपूर्ण संस्थेस मिळून १०० टेराबाइट, आणि जुन्या ग्राहकांना ही मर्यादा जुलै २०२२ पासून लागू झाली. लहान शाळेस एवढी जागा पुष्कळ आहे, हे मी मान्य करतो. पण मुद्दा जागेचा नाही. अट एकतर्फी बदलता येते, हा आहे. एडमोडो नावाची व्यवस्था २००८ साली निघाली. जगभरच्या शिक्षकांनी तीवर आपले धडे, गृहपाठ व वर्ग उभे केले. २२ सप्टेंबर २०२२ रोजी ती बंद झाली. त्यात बेकायदेशीर काहीही नव्हते. ज्याचे घर त्याने दार लावले; भाडेकरूने सामान काढून न्यावे, एवढेच उरले.

आणि ‘फुकट’ या शब्दाचा आपल्याला एवढा मोह कधीपासून पडला? १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घरोघरच्या मूठमूठ तांदळावर; तिच्या नावातच तो इतिहास आहे. पोर्तुगीज अमलात मराठी शाळा देवळांच्या आवारांत, अग्रशाळांत आणि ओसऱ्यांवर भरल्या त्या परक्याच्या देणगीवर नव्हेत. ज्या समाजाने मूठभर तांदूळ वेगळा काढून शाळा चालविल्या त्याच्या नातवंडांनी शाळेच्या दप्तराला वर्षाकाठी काही हजार रुपये जड वाटतात असे म्हणावे आणि त्याच वर्षी वर्धापनदिनाच्या रोषणाईवर त्याच्या कित्येक पट खर्चावे, याला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की एवढे काय अवडंबर. मोठमोठे देश हेच वापरतात. वापरतात खरे, पण डोळे उघडे ठेवून. डेन्मार्कमधील हेल्सिंगोर या नगराने, शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाची घटना ज्या किल्ल्यात घडते त्याच गावाने, आपल्या शाळांत गूगलची व्यवस्था आणली होती. जुलै २०२२ मध्ये तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने तिच्या वापरावर बंदी घातली. मुलांच्या माहितीस काय धोका आहे याची तपासणी नगराने नीट केलेली नव्हती, हे कारण. सप्टेंबरात ती बंदी तहकूब झाली, वाटाघाटी झाल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच प्रश्नावर ५३ नगरपालिकांना आदेश मिळाले. कंपनी वाईट आहे असे मी म्हणत नाही. तेथे एका नगराला जबाब द्यावा लागला, आणि जबाब मागितल्यावरच अटी बदलण्याची भाषा सुरू झाली, एवढे मला दाखवावयाचे आहे. आपण तर अटी वाचल्याशिवाय ‘मान्य’ म्हणून बोट टेकवितो.

तिसरा आक्षेप व्यवहारी म्हणविणाऱ्यांचा: आमचे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, मग ही नसती उठाठेव कशाला? निरोप पोचविण्यास ते साधन उत्तम आहे. दप्तर म्हणून ते निरुपयोगी आहे. शिक्षक बदलून जातो आणि त्याच्या दूरध्वनीबरोबर तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका जातात. एका ठरावाच्या चार प्रती फिरतात आणि शेवटची कोणती ते सांगता येत नाही. नीट बांधलेल्या सामायिक दप्तरात कागद एकच असतो. तो कोणी, केव्हा, काय बदलला याची नोंद आपोआप राहते आणि मागची प्रत काढून पाहता येते. वादात सापडलेल्या संस्थेला ही एक गोष्ट किती उपयोगी पडते ते न्यायालयाची पायरी चढलेल्यास विचारावे.

चौथा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला मी मान देतो: हे आम्हांस जमेल काय? साधने दुर्मिळ नाहीत. संकेतस्थळासाठी वर्डप्रेस २००३ पासून आहे, द्रुपल त्याहून जुने. वर्गपाठासाठी मूडल २००२ पासून. सामायिक दप्तरासाठी नेक्स्टक्लाउड २०१६ पासून. ही सर्व मुक्त परवान्याखाली मिळतात. म्हणजे ती कोणत्याही भाड्याच्या यंत्रावर आपल्या नावे बसविता येतात आणि एक चालविणारा सोडून दुसरा धरता येतो. केरळात सरकारी शाळांसाठी आयटी@स्कूल हा उपक्रम २००१ साली सुरू झाला. पुढे त्याचेच ‘काइट’ झाले. त्यांनी मुक्त साधनांचाच आग्रह धरला, शिक्षकांना शिकविले, आणि विकिपीडिया ज्या साधनावर चालतो त्याच मीडियाविकीवर हजारो शाळांची माहिती मलयाळममध्ये उभी केली. मलयाळी शिक्षकास जे जमते ते मराठी किंवा कोंकणी शिक्षकास जमणार नाही असे मानणे हा आपल्याच शिक्षकांचा अपमान आहे.

तथापि एक गोष्ट लपवू नये. मुक्त म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. वर्डप्रेस बसवून वर्षभर त्याकडे पाहिले नाही, त्याचे व त्यास जोडलेल्या पुरवण्यांचे नवे संस्करण चढविले नाही, तर चोर त्याच खिडकीतून येतो. यास्तव जाणत्या माणसास ठरीव मेहनताना देऊन नेमावे. वर्गणी भरण्यापेक्षा हे महाग पडेल असेही नाही, आणि पडले तरी तो पैसा गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाच्या हाती जाईल. ज्या शाळेस एवढेही परवडत नाही तिने चार शाळा मिळून एक व्यवस्था करावी, किंवा कंपनीचीच घ्यावी. पण मी पुढे सांगतो त्या अटींवर.

त्याआधी लिपीविषयी दोन शब्द, कारण विक्रेते याबद्दल कधी बोलत नाहीत. गोव्याच्या पुराभिलेखात आपल्या गांवकारींची मोडी व कंदवी लिपीतील पुस्तके आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, पण वाचणारा सापडत नाही म्हणून जमिनीचे कित्येक दावे अडतात. संगणकात आपण दुसरी मोडी निर्माण करीत आहोत. शाळांतून वर्षानुवर्षे जुन्या टंकांत अक्षरजुळणी झाली. तो टंक यंत्रावर नसला की दाखल्याच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते आणि नाव शोधू गेल्यास सापडत नाही. मोडी निदान शिकता येते. बंद पडलेल्या कंपनीच्या बंदिस्त नमुन्यातील कागद शिकून वाचता येत नाही. म्हणून देवनागरी युनिकोडमध्येच हवी आणि कायम ठेवावयाचे कागद पीडीएफ-ए किंवा ओडीएफ अशा जगन्मान्य खुल्या नमुन्यांत हवेत. विक्रेत्यासमोर ‘दुसऱ्या वर्गातील बाळ’ एवढे शब्द लिहून पाहावेत, शोधून पाहावेत आणि छापून पाहावेत. तुटलेला ‘ऱ्या’ आणि हरवलेला ‘ळ’ पुष्कळ काही सांगून जातात.

आता अटी. शाळेचा संकेतपत्ता संस्थेच्या नावे नोंदलेला असावा; edu.in ऐवजी देवनागरीत सांगायचे तर ‘ईडीयू डॉट इन’ हा पत्ता अर्नेटकडून शैक्षणिक संस्थांनाच मिळतो, तो घ्यावा. मुख्य किल्ली, म्हणजे व्यवस्थेचा सर्वाधिकारी परवलीचा शब्द, एका माणसाकडे नसून लखोट्यात बंद करून मंडळाच्या दप्तरी असावा आणि पदाधिकारी बदलले की तोही बदलावा. सर्व कागद केव्हाही, एकगठ्ठा, खुल्या नमुन्यात व अधिक पैसे न भरता काढून नेता येतील, हे करारात लिहिलेले असावे. तोंडी आश्वासनास किंमत नाही. काम संपल्यावर कंपनीने आपल्याकडील प्रत नष्ट केल्याचे लेखी द्यावे. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. वर्षातून एकदा ती राखीव प्रत खरोखरच उघडून, त्यातून दहा दाखले परत काढून पाहावेत. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. आणि छायाचित्र निघाले म्हणून मूळ जनरल रजिस्टर कधीही रद्दीत घालू नये.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांना एक वेगळी विनंती आहे. महाराष्ट्रातली एखादी शाळा बंद पडली तर दुःख होते, पण मराठी येथे होती हे सिद्ध करण्याची पाळी तेथे कोणावर येत नाही. तुमच्या गावी ती येते. कोणत्या साली किती मुले मराठीतून शिकली, कोणी शिकविले, कोणती पुस्तके लावली, याचा साक्षीदार शाळेच्या दप्तराशिवाय दुसरा नाही. पट रोडावत जाणाऱ्या शाळेचे दप्तर हे तिचे मृत्युपत्र आहे. ते कोणा तिऱ्हाइताच्या मर्जीवर ठेवू नका.

आमच्या मंडळाची बैठक येत्या पंधरवड्यात आहे. कंपनीचे प्रतिनिधी पुन्हा येतील, पाने पुन्हा रंगतील. मी वर लिहिलेल्या अटींचा कागद त्यांच्यापुढे ठेवणार आहे. त्यांनी सही केली तर माझा विरोध मी मागे घेईन, कारण माझे भांडण कंपनीशी नाही, आमच्या निष्काळजीपणाशी आहे. सही करीत नसतील तर मी प्रतिकूल मत देईन आणि त्याची कारणे वृत्तान्तात नोंदविण्यास सांगेन. जे वाचक कोणत्याही संस्थेचे विश्वस्त असतील त्यांनी आपापल्या सभेत एवढाच प्रश्न विचारावा: दप्तराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे? उत्तर देताना कोणी हसून ‘चिंता नको’ म्हणाले, तर त्या क्षणापासून चिंता करावयास लागावे.